२८ एजंट, दोन शहरं आणि क्लाउडवरचं कॉल सेंटर : अनुभव हवेत

निरगुडी | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

शेतीपंप आणि ठिबकचं सामान विकणाऱ्या एका कंपनीचा तक्रार विभाग मी सांभाळते. दोन फ्लोअर आहेत, नाशिकला १४ खुर्च्या आणि कोल्हापूरला १४. फोन करणारे जवळजवळ सगळे शेतकरी. 'मोटर उचलत नाहीये', 'पॅनेलवर लाल दिवा आलाय', 'माणूस कधी पाठवताय'. सकाळी दहा ते बारा नुसती झुंबड असते. त्या वेळात प्रत्येक फ्लोअरला तासाला साधारण २०० फोन येतात आणि नोंद करण्यासकट एका फोनला ३ मिनिटं जातात.

दोन्हीकडे वेगळी पीआरआय लाइन (एकाच वायरीवर अनेक फोन घेणारी), वेगळी जुनी यंत्रणा. नाशिकला फोन रांगेत ताटकळत असतात तेव्हा कोल्हापूरला चार मुली मोकळ्या बसलेल्या असतात. कधी याच्या उलट. आम्ही एकमेकींना व्हॉट्सॲपवर विचारतो, 'तुमच्याकडे क्यूत किती?' पण फोन काही तिकडे ढकलता येत नाही.

दोन्ही जागांचे भाडेकरार मार्चअखेर संपतायत. ते वाढवायचे नाहीत, क्लाउडवरचं, म्हणजे इंटरनेटवरून चालणारं सॉफ्टवेअर घ्यायचं आणि सगळ्यांनी घरून काम करायचं, असं मालकांनी ठरवलंय. तीन कंपन्यांनी डेमो दिले, तिन्ही झकास झाले. पण डेमो देणारा बंगळुरात चांगल्या फायबरवर बसलेला होता. माझी एक एजंट पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावात राहते, एक दिंडोरीच्या पुढे मळ्यात. त्यांचं काय होणार, हे डेमोत कुठेच दिसलं नाही.

शिवाय एका विक्रेत्याने मालकांना सांगितलंय की दोन्ही टीम एक झाल्या की २४ जणींत काम भागेल. हे खरं आहे का? खरं असेल तर त्या चौघींना मी काय सांगू?

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सविस्तर लिहा, ही विनंती.

---

एक_जुना_ऑपरेटर | सोमवार, रात्री १०.५५

निरगुडीताई, चांगला विषय काढलात. मी २००५ पासून या धंद्यात आहे, आधी ऑपरेटर म्हणून आणि मग यंत्रणा उभारणारा म्हणून.

आधी हे सांगतो की तुम्ही जे सोडताय ते सोडण्यासारखंच आहे. पीआरआयच्या एका लाइनीवर ३० बोलणी मावतात. एकतिसावा शेतकरी फोन करतो तेव्हा त्याला एंगेज टोन येतो, आणि तो आला होता हे तुमच्या रिपोर्टात दिसतसुद्धा नाही. तुमच्या १४ खुर्च्या आणि रांगेतले १६, झालं, लाइन भरली. क्लाउडवर ही भिंत नाही. करारात जितके चॅनल असतील तितके, आणि हंगामात दोन महिने वाढवून परत कमीही करता येतात.

आम्ही आमचं कॉल सेंटर ॲस्टरिस्कवर उभं केलं होतं. मार्क स्पेन्सर नावाच्या मुलाने १९९९ मध्ये लिहिलेलं टेलिफोन एक्स्चेंजचं फुकटचं सॉफ्टवेअर. महागडी यंत्रणा परवडत नव्हती म्हणून त्याने स्वतःच लिहून काढलं. त्याच्यावर विसीडायल (रांग आणि एजंट सांभाळणारं सॉफ्टवेअर) चढवलं की अख्खं कॉल सेंटर तयार. देशातली कितीतरी छोटी कॉल सेंटरं त्यावर उभी राहिली, आजही आहेत. माझा त्याच्यावर जीव आहे. पण एका जूनमध्ये वीज पडली, पीआरआयचं कार्ड जळालं, आणि नवीन कार्ड येईपर्यंत पाच दिवस आमचा नंबर मुका होता. पाच दिवस! लोक चिडून दुकानावर यायला लागले. त्या दिवसापासून सर्व्हर आपल्या खोलीत असावा हा माझा हट्ट संपला.

पण ताई, सर्व्हर क्लाउडवर गेला तरी एजंटच्या घरातला शेवटचा तीस फुटांचा भाग तुमच्याच गळ्यात राहतो. राउटर, वायफाय, हेडसेट, इन्व्हर्टर. फ्लोअरवर हे सगळं एकदाच नीट लावायचं असतं. आता ते २८ वेळा नीट लावावं लागेल. विक्रेता त्याबद्दल अवाक्षर काढणार नाही, कारण ते त्याच्या बिलात नाही.

---

दूरदेशी | मंगळवार, पहाटे ३.२०

मी डब्लिनमध्ये याच प्रकारच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, म्हणून आतली बाजू सांगतो.

फोन क्लाउडवर येतो म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी चाललेल्या असतात. एक म्हणजे निरोप : कोणाचा फोन आलाय, रांगेत कितवा आहे, कोणत्या एजंटकडे द्यायचा. दुसरी म्हणजे खुद्द आवाज. निरोप अर्धा सेकंद उशिरा पोचला तरी कोणाला कळत नाही. आवाजाचं तसं नाही. तो सेकंदाला ५० छोट्या पुड्यांत बांधून जातो, एकेक पुडी २० मिलिसेकंदांची. वेग फारसा लागत नाही. आवाज बांधायच्या जुन्या जी७११ पद्धतीने एका बाजूला ९० केबीपीएसच्या आसपास, म्हणजे यूट्यूबच्या मानाने काहीच नाही. म्हणून 'आमच्याकडे १०० एमबीपीएस आहे' हे उत्तर ऐकून समाधान मानू नका. पुड्या ठरल्या वेळी, एकामागोमाग आल्या पाहिजेत. एका दिशेने १५० मिलिसेकंदांच्या आत आवाज पोचला तर बोलणं सहज होतं. त्यापुढे गेलं की दोघं एकदमच बोलायला लागतात, मग दोघं गप्प होतात, मग पुन्हा एकदम बोलतात. अनुभवलं असेलच.

म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारा : आवाज कुठल्या शहरातून फिरून येतो? ग्राहक करवीर तालुक्यात, एजंट पन्हाळ्याला, आणि आवाज मात्र सिंगापूरला जाऊन परत, असं खरंच घडतं. सॉफ्टवेअर भारतात 'उपलब्ध' असणं आणि आवाजाचा सर्व्हर भारतात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेखी घ्या.

दुसरं, घरचा अपलोड, म्हणजे घरातून बाहेर जाणारं नेट. घरातलं कोणी मोठा व्हिडिओ चढवायला लागलं की राउटरमध्ये त्याच्या पुड्यांची रांग लागते आणि आवाजाच्या पुड्या त्या रांगेत मागे उभ्या राहतात. स्पीड टेस्ट उत्तम येते, बोलणं मात्र तुटतं. एजंट बिचारी शपथेवर सांगते की नेट चांगलं आहे, आणि तिचं खरंच असतं. राउटरमध्ये आवाजाला प्राधान्य द्यायची सोय असेल तर चालू करा, लॅपटॉप केबलने जोडा, आणि ब्लूटूथ हेडसेट देऊ नका. साधा यूएसबीचा वायरवाला द्या. ब्लूटूथवर माइक चालू झाला की बहुतेक हेडसेट आवाजाचा दर्जा खाली आणतात.

आणि ज्यांच्याकडे नेट नाहीच धड, त्यांच्यासाठी आपल्याकडच्या क्लाउड टेलिफोनीवाल्यांची एक जुनी सोय फार कामाची आहे : आवाज एजंटच्या साध्या मोबाइल फोनवर, आणि फक्त पडदा नेटवर. यंत्रणा एका बाजूने शेतकऱ्याला धरते, दुसऱ्या बाजूने एजंटच्या मोबाइलला फोन लावते आणि दोघांना जोडून देते. नंबर कोणालाच कोणाचा दिसत नाही. दोन्ही बाजूंचे मिनिटांचे पैसे लागतात, त्यामुळे बिल वाढतं, पण पन्हाळ्याच्या ताईंचं काम चालू राहील.

---

सह्यकडा | मंगळवार, सकाळी ८.०५

दूरदेशींना +१. ब्लूटूथचा मुद्दा आम्ही सहा महिने शोधत होतो.

---

शेवंती | मंगळवार, दुपारी २.१५

मी चार वर्षं एजंट होते. दोन वर्षं फ्लोअरवर, दोन वर्षं घरून. यंत्रणेतलं मला फारसं कळत नाही. खुर्चीत बसून काय होतं ते लिहिते.

फ्लोअरवर कोणी घाणेरडं बोललं की मी हेडसेट काढायच्या आत शेजारची ओळखायची. नुसता माझा चेहरा बघून. पाण्याची बाटली सरकवायची, टीएल (टीम लीडर) ताई लांबूनच हात करायच्या, 'जा, पाच मिनिटं जाऊन ये'. कोणी काही विचारायचं नाही.

घरी गेल्यावर पहिल्याच महिन्यात एका माणसाने मला सात मिनिटं अर्वाच्य शिव्या दिल्या. फोन ठेवला आणि पडद्यावर तीस सेकंदांचं काउंटडाउन सुरू झालं. तीस सेकंदांत नोंद पूर्ण करायची, मग पुढचा फोन आपोआप लागतो. ब्रेक घ्यायचा तर कारण निवडा : जेवण, चहा, प्रशिक्षण, तांत्रिक अडचण. माझं जे झालं होतं त्याला त्या यादीत नावच नव्हतं. मी 'तांत्रिक अडचण' निवडलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. संध्याकाळी फोन आला, 'तुमची तांत्रिक अडचण ११ मिनिटं होती, तिकीट का नाही टाकलं?'

ताई, सॉफ्टवेअर कोणतंही घ्या. पण त्या यादीत कारण न विचारणारा एक ब्रेक ठेवा. ती यादी तुम्हीच भरता, विक्रेता नाही भरत. आणि फोन संपल्यावर पुढचा आपोआप लागण्याआधी किती सेकंद द्यायचे, तेही तुमच्याच हातात असतं.

---

निरगुडी | मंगळवार, रात्री ९.१०

शेवंती, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्या जुन्या यंत्रणेत ब्रेकची यादीच नव्हती, म्हणून हा विचारच डोक्यात आला नव्हता. ब्रेक नक्की ठेवणार.

---

भरीतभाकरी | बुधवार, सकाळी ११.३०

कायद्याच्या बाजूचं थोडं. मी एका बीपीओत अनुपालन, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघतो.

पूर्वी कॉल सेंटर म्हणजे 'अदर सर्व्हिस प्रोव्हायडर', त्याची दूरसंचार विभागाकडे नोंदणी. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणात ही वर्गवारी आली. बँक गॅरंटी, जागेचा पत्ता, नकाशे, घरून काम करायचं तर आणखी अटी. मार्च २०२० मध्ये करोना आला तेव्हा त्या अटी तात्पुरत्या शिथिल केल्या, मग मुदत वाढत गेली, आणि ५ नोव्हेंबर २०२० ला नोंदणीच काढून टाकली. २३ जून २०२१ ला आणखी मोकळीक मिळाली : देशी आणि आंतरराष्ट्रीय हा भेद गेला, एक्स्चेंज जगात कुठेही ठेवायची मुभा मिळाली, घरची एजंट कोणत्याही ब्रॉडबँडवरून जोडली तरी चालेल असं झालं. तुमचे मालक आज जे करू म्हणतायत ते २०१९ मध्ये करायला गेले असते तर कागदपत्रांतच वर्ष गेलं असतं.

पण मोकळीक म्हणजे रान मोकळं नव्हे. परदेशातून इंटरनेटने आणलेले कॉल सिम बॉक्स (अनेक सिमकार्डं बसवलेलं यंत्र) लावून इथे स्थानिक म्हणून सोडणं हा गुन्हाच आहे. कोणी 'स्वस्तात मिनिटं देतो' म्हणून आला तर दारातूनच परत पाठवा. शेतकऱ्यांना परत फोन करताना कोणत्या मालिकेतला नंबर दिसणार, हेही लेखी विचारा. १४० ची मालिका जाहिरातींच्या फोनांसाठी आहे, लोक ती बघूनच कट करतात. सेवा आणि व्यवहाराच्या फोनांसाठी १६०० ची मालिका आलीये. आणि संवादाचं रेकॉर्डिंग म्हणजे शेतकऱ्याचं नाव, गाव, फोन नंबर, म्हणजेच २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातली वैयक्तिक माहिती. ते कुठे साठतं, किती दिवस राहतं, कोण ऐकू शकतं, तीन ओळींत लिहून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं, तुमचा १८०० चा नंबर कोणाच्या नावावर आहे? आमच्या एका ग्राहकाने पुरवठादार बदलला तेव्हा कळलं की नंबर पुरवठादाराच्या नावावर होता. हजारो पत्रकांवर, मोटारींच्या झाकणांवर छापलेला नंबर. दोन वर्षांची रेकॉर्डिंगंही एकेक करून उतरवून घ्यावी लागली, एकगठ्ठा मिळायची सोयच करारात नव्हती. करार करताना जाण्याचं कलम आधी वाचा.

आता एक जिव्हाळ्याची गोष्ट. मी जळगावचा. आमच्याकडचा म्हातारा शेतकरी चिडला की अहिराणीत उतरतो. तो फोन कोल्हापूरच्या मुलीकडे गेला तर दोघंही अडकतील. किसान कॉल सेंटर २१ जानेवारी २००४ ला सुरू झालं, १८००-१८०-१५५१, सकाळी ६ ते रात्री १०. तिथे शेतकऱ्याला त्याच्या भाषेत उत्तर मिळतं, २२ भाषांत. तुमच्याकडे भाषा एक असली तरी बोली चार आहेत. दोन्ही टीम डोळे मिटून एक करू नका.

---

घाटवाट | बुधवार, रात्री १०.२०

२४ जणींचा हिशोब कुठून आला ते मी सांगतो, कारण रोज हेच गणित करतो.

आग्नर क्रारूप एरलांग नावाचा डॅनिश गणिती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होता. फोन किती येतात आणि किती माणसं बसवली म्हणजे रांग आटोक्यात राहते, याची सूत्रं त्याने १९०९ ते १९१७ या काळात मांडली. आजचं कुठलंही क्लाउड सॉफ्टवेअर उघडा, मनुष्यबळाच्या पानामागे तोच माणूस बसलेला असतो.

तुमचे आकडे घालून बघू. तासाला २०० फोन, प्रत्येकी ३ मिनिटं. १०० पैकी ८० फोन २० सेकंदांच्या आत उचलायचे, हा आपल्याकडचा नेहमीचा दंडक. एका फ्लोअरला १३ जणी घेतल्या तर ७९.६ टक्के, थोडक्यात हुकतं. म्हणून १४. दोन फ्लोअर मिळून २८. आता तेच ४०० फोन एकाच रांगेत घाला. २४ जणींत जवळजवळ ८१ टक्के येतात. म्हणजे विक्रेता गणितात खोटं बोलत नाहीये. एकीकडची मोकळी एजंट दुसरीकडचा फोन उचलते, त्याचा हा फायदा आहे, आणि विखुरलेल्या कॉल सेंटरचं खरं बळ तेच आहे. राज्याच्या ११२ क्रमांकाची नवी मुंबई आणि नागपूर अशी दोन केंद्रं आहेत. असं जोडकाम असलं की एक ठप्प झालं तरी दुसरं फोन घेऊ शकतं.

पण ताई, हेच गणित खुर्चीतून बघा. आज १४ जणी २०० फोन घेतात. दोन फोनांच्या मध्ये एकेकीला सरासरी ७२ सेकंद मिळतात. २४ जणींत ४०० फोन घेतले की ३६ सेकंद उरतात. बरोब्बर निम्मे. शेतकऱ्याला फारसा फरक जाणवणार नाही, फोन किंचित उशिरा उचलला गेला तरी दंडक पाळला जाईल. मालकांना चार पगार वाचलेले दिसतील. ते चार पगार त्या ३६ सेकंदांतून येतात. शेवंतीताईंनी लिहिलंय तो पाण्याचा घोट त्याच ३६ सेकंदांत होता.

२६ जणी ठेवल्या तर ५४ सेकंद मिळतात आणि ९२ टक्क्यांच्या वर फोन २० सेकंदांत उचलले जातात. म्हणजे सेवा आजच्यापेक्षा चांगली, आणि दोघीजणी फोनवरून मोकळ्या. त्या दोघींना रोज आळीपाळीने मदतीला ठेवा. मालकांना हा आकडा दाखवा, मला खात्री आहे ऐकतील. सुट्ट्या, आजारपण, प्रशिक्षण हे सगळं याच्यावर वेगळं धरायचं, हे विसरू नका.

भरीतभाकरींचा बोलीचा मुद्दा यात बसतो. फोन आधी आपल्या भागाच्या एजंटकडे, १५ सेकंदांत कोणी मोकळं झालं नाही तरच दुसरीकडे. पूर्ण सरमिसळ केली नाही तरी फायद्याचा मोठा वाटा मिळतो. तशी रूटिंगची (फोन कोणाकडे वळवायचा ते ठरवायची) सोय जवळजवळ सगळीकडे असते.

---

तांबडी_माती | गुरुवार, सकाळी ९.५०

माझं स्वतःचं ४० खुर्च्यांचं केंद्र आहे. वरच्या सगळ्या चर्चेत एक बाजू राहतेय. घरून काम करणारी माणसं खरंच काम करतायत का, हे मालकाला कसं कळणार? आम्ही वेबकॅम सक्तीचा केलाय, दर दहा मिनिटांनी फोटो. सुरुवातीला कुरकुर झाली, आता सवय झालीये.

---

शेवंती | गुरुवार, दुपारी १.३०

तांबडी_माती साहेब, तुमची काळजी मला समजते, पगार तुम्ही देता. पण आमच्यापैकी बऱ्याच जणींचं घर म्हणजे दोन खोल्या. मागे सासूबाई निजलेल्या, मूल दूध पितंय. तो फोटो माझा नाही, माझ्या घराचा जातो. माझ्या एका मैत्रिणीने याच कारणासाठी नोकरी सोडली, आणि ती आमच्यातली सगळ्यात चांगली एजंट होती.

---

एक_जुना_ऑपरेटर | गुरुवार, दुपारी ४.००

शेवंतीताईंशी पूर्ण सहमत. तांबडी_माती, तुमच्याकडे प्रत्येक फोनचं रेकॉर्डिंग आहे, तो किती सेकंदांत उचलला ते आहे, तक्रार पुन्हा आली का ते आहे. फोटोतून यापेक्षा जास्त काय कळतं? २००० साली सुरू झालेल्या जेटब्लू विमान कंपनीने तिकिटांचे फोन घेणारी माणसं पहिल्यापासून सॉल्ट लेक सिटीच्या आसपास त्यांच्या घरीच बसवली. तेव्हा घरोघरी वेबकॅम कुठे होते? काम फोनवर ऐकू येतं.

---

तांबडी_माती | गुरुवार, रात्री ८.४५

वाचलं. मागच्या वर्षात चार चांगल्या मुली गेल्या, त्यांनी कारण 'घरगुती' सांगितलं होतं. सोमवारी टीएलशी बोलतो.

---

निरगुडी | तीन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ६.३०

मंडळी, तुमच्या सल्ल्याने आधी आठ जणींवर चाचणी घेतली. काय घडलं ते लिहिते.

पहिला आठवडा वाईट गेला. दिंडोरीकडची आमची एजंट. पडद्यावर तिच्या नावापुढे हिरवा ठिपका, 'उपलब्ध'. रांगेत सहा फोन. पण तिच्याकडे एकही वाजत नाही. यंत्रणा तिला फोन द्यायची, वीस सेकंद वाट बघायची आणि 'उत्तर नाही' म्हणून पुढच्या मुलीकडे वळवायची. दोन दिवसांत तिच्या नावावर ३१ न उचललेले फोन. रिपोर्ट बघून मालक म्हणाले, 'ही बसतच नाही जागेवर.' तिने मला व्हिडिओ कॉल केला, फोन समोर टेकवून ठेवला आणि म्हणाली, 'ताई, तुम्हीच बघा.' मी पंचवीस मिनिटं बघत बसले. ती हेडसेट लावून, माउसवर हात ठेवून, पडद्याकडे डोळे लावून बसलेली. पंचवीस मिनिटांत इकडे माझ्या पडद्यावर तिच्या नावावर आणखी चार न उचललेले फोन चढले. तिकडे काही वाजलं नाही.

दूरदेशींना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला. त्यांनी एका ओळीत ओळखलं. तिचं नेट असं आहे की अनेक घरं एकाच पत्त्यामागे असतात, आणि थोडा वेळ काही हालचाल झाली नाही की मधली यंत्रणा तिची वाट बंद करते. ती स्वतः फोन लावायची तेव्हा वाट उघडायची, म्हणून आमच्या प्रत्येक तपासणीत सगळं ठीक दिसायचं. सॉफ्टफोनच्या (लॅपटॉपवर चालणाऱ्या फोनच्या ॲपच्या) सेटिंगमध्ये दर २५ सेकंदांनी 'मी आहे' असा छोटा निरोप पाठवायची सोय होती, ती बंद होती. चालू केली. त्या दिवशी दुपारी तिने ५८ फोन घेतले. मालकांनी तिला स्वतः फोन करून माफी मागितली, हे मला फार बरं वाटलं.

आणखी दोघींना एकतर्फी आवाजाचा त्रास. शेतकरी 'हॅलो, हॅलो' करतोय, तिला ऐकू येतंय, पण तिचं बोलणं त्याला पोचत नाही. तो शेवटी वैतागून म्हणतो, 'अहो कुणी आहे का तिथं?' आणि ठेवतो. दोघींकडे एकाच बनावटीचा राउटर निघाला. त्यातलं सिप एएलजी नावाचं, इंटरनेटवरच्या फोनचे निरोप मध्येच बदलणारं सेटिंग बंद केल्यावर त्रास थांबला.

---

दूरदेशी | रविवार, रात्री ११.५०

छान झालं. शक्य असेल तर सॉफ्टफोन सोडून ब्राउझरमधून चालणारा फोन घ्या. त्यात वाट शोधण्याची आणि उघडी ठेवण्याची सोय आधीच असते, आणि आवाज बांधायची ओपस नावाची पद्धत वापरतात, तिच्यात थोड्या पुड्या हरवल्या तरी आवाज सावरून घेतला जातो. आणि प्रत्येक फोनचा आवाजाचा दर्जा १ ते ५ मध्ये नोंदवला जातो का, बघा. ३.५ च्या खाली जाणाऱ्या फोनांची यादी रोज सकाळी काढा. एजंटने तक्रार करायच्या आधी तुम्हाला कळेल.

---

निरगुडी | अडीच महिन्यांनी, शुक्रवार, रात्री ९.००

ज्यांनी वेळ काढून लिहिलं त्यांना काय झालं ते कळावं म्हणून धागा वर आणतेय.

२८ च्या २८ जणी कामावर आहेत. घाटवाट, तुमचा ३६ आणि ५४ सेकंदांचा हिशोब मी मालकांसमोर जसाच्या तसा ठेवला. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, '२६ फोनवर, दोघी मदतीला.' आता रोज दोघी आळीपाळीने मदतीच्या खिडकीवर बसतात. एजंटने पडद्यावरचं हाताचं चिन्ह दाबलं की मदतनीस तिच्या फोनमध्ये शिरते आणि फक्त तिच्याच कानात बोलते, शेतकऱ्याला ऐकू जात नाही. नवीन मुलींना याचा फार आधार वाटतो.

ब्रेकच्या यादीत नुसतं 'थोडं थांबते' असं ठेवलंय. कारण नाही, तिकीट नाही. पहिल्या महिन्यात वापर बघून मला जरा धास्ती वाटली होती, पण तो बहुतेक सकाळी साडेअकराच्या सुमारासच होतो आणि तीन-चार मिनिटांतच संपतो. त्याच वेळी रांग सगळ्यात लांब असते, हे आपल्याला माहीतच आहे.

अहिराणी बोलणाऱ्या पाच जणींचा वेगळा गट केला. धुळे, जळगाव, नंदुरबारचे फोन आधी त्यांच्याकडे. भरीतभाकरी, तुमच्यामुळे. १८०० चा नंबर कंपनीच्याच नावावर निघाला आणि रेकॉर्डिंग एकगठ्ठा मिळण्याचं कलम करारात घालून घेतलं.

राउटरसाठी प्रत्येकीला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस दिला. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर आणि राउटर त्याच्यावर, तीन तास निभावतं. पन्हाळ्याच्या पायथ्याची आमची ताई मोबाइलवर फोन घेते. तिचा आवाज सगळ्यांत स्वच्छ येतो, फक्त जूनमध्ये पत्र्यावर पाऊस सुरू झाला की शेतकरी आपणहून विचारतात, 'तुमच्याकडं लागला वाटतं?' आणि मग दोन मिनिटं पावसाचंच बोलणं होतं. ती दोन मिनिटं मी रिपोर्टमधून वगळते.

एक गोष्ट मात्र मी अडून राहून करून घेतली. कोल्हापूरला सहा खुर्च्यांची एक खोली ठेवलीये. कोणाचं नेट गेलं, घरी पाहुणे आले, किंवा नुसतं चार माणसांत बसून काम करावंसं वाटलं तर तिथे यायचं. सहापैकी चार खुर्च्या रोज भरलेल्या असतात.

नाशिकला अशी खोली अजून नाही. सातपूर किंवा पंचवटीच्या बाजूला पाच-सहा माणसांना बसता येईल अशी, दोन वेगळ्या कंपन्यांचं फायबर आणि इन्व्हर्टर असलेली जागा कोणाच्या माहितीत असेल तर कृपया व्यनि करा. बायकांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह हवं, आणि संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर उजेड हवा.